ड्रायरच्या भागातली टीप

माझे बाबा जानू, चिंचणीचे होडीवाले. त्यांची एक सवय आहे, आधी उत्तर देतात आणि मग प्रश्न विचारतात. "पापलेट. आज काय रांदायचा?" असं.

म्हणूनच मला फोर्थ ही कॉम्प्युटरची भाषा चटकन जमली. तिथेही आधी उत्तर ठेवायचं, मग 'इफ' म्हणायचं. 'देन' म्हणजे प्रकरण मिटलं.

चौऱ्याण्णव साली मी बोईसरला यंत्रं चालवणारे कंट्रोलचे डबे बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होते. सालवडच्या रंगकारखान्याचा ड्रायर आणि आमच्या चिंचणीचा बर्फाचा कारखाना, दोन्हींना एकच प्रोग्रॅम. इफनंतर ड्रायरचा भाग, एल्सनंतर, म्हणजे 'नाहीतर'नंतर, बर्फाचा, शेवटी देन. बर्फाची चिप बनवताना कॉम्प्युटर ड्रायरचा भाग ओलांडून जाई.

बाबांनी अट घातली होती. बर्फ झाला तर नोकरी कर, नाहीतर आईबरोबर मासळी सुकव. मीही तोऱ्यात हो म्हटलं.

आमचे साहेब कमलाकांत यांना प्रत्येक भागात टीप हवी असे, म्हणजे वाचणाऱ्या माणसासाठी एक ओळ; एरवी कॉम्प्युटर ती सोडून देतो. मी ड्रायरच्या भागात लिहिलं, 'वरचा इफ बघून बर्फवाल्यांनी हे सोडून द्यावं.' ड्रायर सालवडला झकास चालला. बर्फाची चिप करतानाही कॉम्प्युटर ओके म्हणाला.

चिंचणीला अर्धा कोळीवाडा जमला. डबा लावला, दिवा लागला, पाण्याचं मात्र पाणीच राहिलं. मला रडूच यायला लागलं.

तडक बोईसर गाठलं आणि प्रोग्रॅमचा कागद ओळ न ओळ वाचला. भाग ओलांडताना मात्र मेल्या कॉम्प्युटरला टीप कळत नाही, तो नुसते इफ आणि देन मोजतो. माझ्या टिपेतला इफ त्याने खरा धरला आणि त्याच्या वाट्याचा देन शोधत बर्फाचा सगळा भागही ओलांडून गेला. टीप खोडली, नवी चिप केली, दिवस मावळायच्या आत परत आले आणि बसवली.

सकाळी साच्यातून पहिली लादी निघाली. बाबांनी तिच्यावर हात ठेवला, तो गार पडेपर्यंत काढलाच नाही. मी विचारलं, अटीचं काय?

ते लादीकडे बघतच म्हणाले, "साडेसातची एसटी हाय. उद्या कामाला कशी जाशील?"