ब्लॉक केलेली बहीण

अडाणी माणसं अफवा पसरवतात, असं शिकलेली माणसं म्हणतात. साफ खोटं. उज्वलाच्या पोरीच्या लग्नात जी अफवा शिरली ती एका रिटायर हेडमास्तरानं लातुरात झोपाळ्यावर बसून सोडली होती, आणि तीही रोजच्या 'सुप्रभात'च्या पाठोपाठ.

उज्वला चाकूरजवळच्या एका गावातली. नवरा भागवत आणि ती, दोघं मिळून शेत कसतात. पोरगी सृष्टी, तिचं लग्न तोंडावर आलेलं. गावात, पाहुण्यांत, सगळ्यांना आवतन घरी जाऊन दिलं. कुंकू लावलं, अक्षता दिल्या. लांबच्यांना पत्रिका फोनवर गेली. एकच घर राहिलं. ते तिच्या भावाचं, देवणीच्या शेषेरावचं. आणि तोच तर मामा! मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. तो नसला तर अख्खा मांडव त्या रिकाम्या जागेकडं बघतो आणि कुजबुजतो.

शेषेराव कशावरून रुसला होता? टॉवेल-टोपीवरून. घरभरणीच्या दिवशी भागवतनं आहेर करताना आधी आपल्या बहिणीच्या नवऱ्याला टोपी घातली, मग बायकोच्या भावाला. शेषेराव भरल्या पानावरून उठला आणि निघून गेला. एका टोपीपायी बहीणभाऊ तुटले. ह्याला आमच्याकडं मान म्हणतात.

"त्याच्या दारात तू जायचं न्हाई," भागवतनं बजावलं. "टाक फोनवर. यायचं तर येईल."

उज्वलानं पत्रिका टाकली. खाली लिहिलं, 'दादा, ये.' संध्याकाळी बघते तर भावाचा फोटो गायब. फोन लावला, लागेना. सृष्टीनं फोन हातात घेऊन बघितला आणि हळूच म्हणाली, "आई, मामानं तुला ब्लॉक केलंय."

"कळला का तुझा भाऊ?" भागवत ओसरीतून म्हणाला. "आता नाव काढू नको त्याचं."

उज्वला लाडू वळत होती. एक लाडू तिनं इतका दाबला की त्याचा चुरा झाला. पोरगी समोर होती, म्हणून रडली नाही.

दुसऱ्या दिवशी मंडपवाला अण्णाराव मांडवाच्या मेढी घेऊन आला. उज्वला त्याच्यावरच घसरली. "काल धरून फोन लावून राहिले, उचलत का न्हाईत?"

"कसा उचलू बाई? तुमच्या फोनात व्हायरस हाय!" अण्णाराव छाती काढून म्हणाला. "सरांनी सांगितलंय, पत्रिका धाडणाऱ्याला ब्लॉक करा. तुमची पत्रिका आली की मी सगळ्यांच्या आधी केलो."

त्यानं फोन पुढं केला. शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा ग्रुप, आणि त्यावर रेणुकादास सरांचा मेसेज:

'सावधान!! मंगलपत्रिका नावाचा भयंकर व्हायरस आला आहे. फोनवर आलेली लग्नपत्रिका उघडताच एका मिनिटात सर्व काही पुसले जाते. ज्याने पाठवली त्याचा नंबर त्वरित ब्लॉक करा. टीव्हीवरही सांगितले आहे. देशहितासाठी वीस जणांना पाठवा.'

खाली नमस्काराच्या हातांची रांग. कोणत्या टीव्हीवर? कुणी सांगितलं? एकानंही विचारलं नव्हतं. विचारणार कसे? ह्याच सरांच्या वर्गात शंका काढली की हातावर छडी बसायची. पोरं मोठी झाली, टक्कल पडलं, नातवंडं झाली, पण सर म्हणाले की मान हलवायची ही सवय काही गेली नाही. त्याच शाळेत उज्वला शिकली, शेषेरावही शिकला.

म्हणजे दादानं सरांचं ऐकलं होतं? की निमित्त साधलं होतं? हे कळल्याशिवाय तिला घास गिळवेना. तिनं पदर खोचला आणि पिशवी उचलली.

"आगं, उद्या हळद हाय, तू कुठं चाललीस?" भागवत ओरडला.

"हेडमास्तराकडं!"

लातुरात सरांच्या सुनेनं, मुग्धानं दार उघडलं. सर झोपाळ्यावरच होते. फोन हातात.

"ये, ये उज्वला! किती वर्षांनी!" म्हातारा खरंच खुलला.

उज्वलानं पाणीही घेतलं नाही. "सर, तुमच्या मेसेजपायी माझ्या भावानं मला ब्लॉक केलंय. पोरीच्या पाठीशी उभं राहायला मामा न्हाई. कुठं बघितलाव तुमी ते टीव्हीवर?"

"मी नाही बघितलं. मला देशपांडे सरांनी पाठवलं. म्हटलं, कुणाचं नुकसान नको."

"बाबा, अनोळखी माणसानं काही डाउनलोड करायला सांगितलं तर करू नये, एवढंच खरं असतं त्यात," मुग्धा म्हणाली. "बाकी मीठमसाला. मी परवाच म्हणत होते."

सरांनी मान खाली घातली. मग जे बोलले ते ऐकून उज्वलाचा निम्मा राग विरघळला. "हिची सासू गेल्यापासून दिवस सरत नाही गं. सकाळी काही टाकलं की साठ-सत्तर पोरं नमस्कार करतात. नुसतं 'कसे आहात' असं टाकलं तर चार. म्हणून टाकत राहतो." फोनवर बोटं फिरवत ते म्हणाले, "थांब, आत्ता खुलासा टाकतो. सगळ्यांना पाठवा म्हणून लिहितो."

"टाका. पर खुलासा टाकून दादा येत न्हाई. तुमी चला."

"आत्ता? देवणीला?"

"मला वर्गाबाहेर उभं करताना तुमी मुहूर्त बघितला नव्हता सर."

मुग्धा फसकन हसली आणि सरांच्या चपला पुढं आणून ठेवल्या.

एसटीनं दोघं देवणीला पोहोचली तेव्हा शेषेराव गोठ्यात वैरण टाकत होता. सरांना बघून हातातली पेंढी तशीच धरून ताठ उभा राहिला. बहिणीकडं बघितलंही नाही.

"शेषेराव, तो मेसेज खोटा होता," सर म्हणाले. "मी विचारपूस न करता पुढं ढकलला. माझं चुकलं."

तो सरांच्या तोंडाकडं बघतच राहिला. हे वाक्य त्यानं सरांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "तुमी म्हणलाव, मी केलो सर. पर खरं सांगू का? मेसेज नसता तरी मला ते आवतन खोटंच वाटलं असतं." आणि मग तो उज्वलाकडं वळला. "सख्ख्या मामाला बहीण फोनवर आवतन देती व्हय? मला वाटलं, फोनच आपोआप धाडून राहिलाय. माझी बहीण असती तर दारात आली असती."

उज्वला पुढं झाली. "तू दार लावून घेतलं असतास, म्हणून आले न्हाई."

"लावलोच असतो! मग वाजवायचं! लहानपणी कडी मोडस्तोवर वाजवायचीस, तवा कुठं लाज वाटत होती?"

"टोपीचं आमचं चुकलं, दादा."

शेषेराव गाईकडं वळला. पेंढी गाईपुढं टाकली, हात झटकले आणि ओसरीवर पाटावर येऊन बसला. "हं. दे अक्षता."

उज्वलानं पिशवीत हात घातला आणि तिचा चेहरा उतरला. रागाच्या भरात निघालेली बाई, कुंकू न्हाई, अक्षता न्हाई. पिशवीत नुसती पाण्याची बाटली.

आतून तिची वहिनी सरजाबाई सगळं ऐकत होती. ती मूठभर तांदूळ कुंकवात कालवून घेऊन आली, कुंकवाचा करंडाही आणला, आणि उज्वलाच्या हातात देत म्हणाली, "धरा ताई. द्या एकदाचं. मलाबी नवी साडी नेसायचीय."

उज्वलानं भावाच्या कपाळाला कुंकू लावलं. टिळा वाकडाच लागला. शेषेरावनं ओंजळ पुढं केली.

"आमच्याच घरचे तांदूळ आन् आमालाच आवतन," तो पुटपुटला, पण ओंजळ घट्ट मिटली. मग एकदम खेकसला, "आता हितं काय रडून राहिलीस? लग्नघर सोडून आलीस येडे! सरजे, पिशवी भर. सर, तुमीबी चला. आन् तो फोन आधी खिशात घाला."