पुदिन्यावरचा तांबेरा

पत्नी जगदेवी गेली त्याला चार महिने झाले होते. निवृत्त शिक्षक गुंडप्पा रोज सकाळी अंघोळ उरकून परसात जात आणि तांब्याभर पाणी पुदिन्याच्या कुंडीवर उभ्यानेच, सावकाश ओतीत. तीस वर्षांपूर्वी जगदेवीने हा पुदिना माहेराहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणला होता. उदगीरच्या त्या घरात तिच्या हातचे आता एवढेच वाढत होते. ती गेली तेव्हा गुंडप्पा रडले नव्हते. पाण्यात मात्र त्यांनी एका दिवसाचाही खंड पडू दिला नव्हता.

श्रावण सरताना पाने पिवळी पडली. उलटून पाहावे तर खाली नारिंगी पुरळ. बोट लावताच भुकटी बोटाला येई.

शेजारच्या केवळाबाईंनी कुंपणावरून एक पान हाती घेतले. "तांबेरा हाय, गुर्जी. गव्हावर पडतो तसला."

"गव्हावरचा निराळा, पुदिन्यावरचा निराळा."

"आसंल. पर पानं कोरडी कवा ऱ्हातेत? रोज डोस्क्यावरून न्हाऊ घालून राहिलात. पुदिना हाय का महादेवाची पिंड?"

"जगदेवीही रोज घालीत असे."

"घालायची की. पर खाली बसून, बुडाशी. पान भिजू देत नव्हती."

गुडघे दुखतात म्हणतेस, मग बसतेस कशाला, असा वाद गुंडप्पांनी तिच्याशी कितीदा घातला होता. ती नुसती हसे.

"आता उपाय?"

"समदं बुडापसून कापा अन् जाळून टाका. मुळी जिती आसंल तर फुटंल."

"नसली तर?"

केवळाबाईंनी हातातले पान चुरगाळले.

गुंडप्पांनी कात्रीने एकेक काडी मातीलगत कापली. सगळे परस त्या वासाने भरले. आता तरी रडू येईल म्हणून ते थोडे थांबले, आले नाही. कापलेला पाला त्यांनी पाणी तापवायच्या बंबात घातला. त्याचा धूर बराच वेळ रेंगाळला.

दुसऱ्या दिवशी अंघोळीनंतर ते पुन्हा कुंडीपाशी आले. सवयीने तांब्या वर गेला आणि तसाच थांबला. मग भिंतीचा आधार घेत, गुडघे कुरकुरत असता, ते खाली बसले आणि खुंटांच्या बुडाशी पाणी सोडले. माती काळी झाली. हिरवे काहीच दिसले नाही.

"उठवू का, गुर्जी?" कुंपणापलीकडून केवळाबाईंनी विचारले.

"नको," ते म्हणाले. "बसतो थोडा."