जोडून की वेगळं

आमच्या बिल्डिंगमधल्या नवऱ्यांची प्रतवारी लावायची झाली, तर तांबेकाकांना पहिला नंबर देण्यावाचून इलाज नव्हता. दारू नाही, तंबाखू नाही, आवाज चढवणं नाही. दळण आणणारा, गाद्या उन्हात घालणारा, भाजी अळणी झाली तरी गप्प जेवणारा माणूस. डोंबिवली पूर्वेला असा नवरा एका जिन्यात एखादाच निघतो, आणि तो नेमका दुसऱ्या बाईला मिळालेला असतो. "तुम्हाला काय कमी आहे?" असं बायका मंजुळाकाकूंना तोंडावर म्हणायच्या. काकू नुसत्या हसायच्या. मी सोसायटीची खजिनदार. जमेची बाजू फार भरगच्च दिसली की मी आधी संशय घेते.

बिल्डिंग पाडून नवी उभी राहणार होती. तांब्यांनी शेजारची खोली मागाहून विकत घेऊन मधली भिंत फोडली होती, पण कागदावर घरं दोनच. म्हणून बिल्डरने त्यांना विचारलं होतं, नव्या इमारतीत जोडून एक मोठा फ्लॅट हवा, की वेगळे दोन लहान? रविवारच्या मीटिंगमध्ये सांगायचं. मग नकाशा महापालिकेत जाणार, त्यानंतर बदल नाही.

शनिवारी दुपारी काकू माझ्याकडे वाल सोलत बसल्या होत्या.

"मी वेगळे मागणार आहे," त्या म्हणाल्या.

"बरोबर आहे. एक भाड्याने देता येईल."

"भाड्याने कशाला? एकात ते, एकात मी."

"भांडलात की काय?"

"भांडायला समोर माणूस लागतो, मेघना. हे कामाला होते तो मोहने गावातला कारखाना बंद पडला, त्या दिवशी घरी आले, जेवले, आणि मला म्हणाले, उद्यापासून डबा नको. बाकीचं मला शेजारणीकडून कळलं. माझी आई गेली तेव्हा गाडी ठरवली, सगळ्यांना फोन केले, माझ्यासाठी पाण्याची बाटली घेतली. मी वाटभर रडत होते, तर हात पुढे करून खिडकीची काच वर केली. म्हणे वारा लागेल. का रडतेस हे राहू दे, रड म्हणाले असते तरी चाललं असतं."

"म्हणून या वयात वेगळं जायचं?"

"जायचंय कुणाला?" काकूंनी वालाचं साल झटकलं. "चारचौघांत बायको असं बोलली की कुठलाही पुरुष चिडतो. चिडू देत. नको म्हणू देत. का म्हणून एकदा विचारू देत. मी तिथल्या तिथे जोडून घेईन."

"आणि नाही विचारलं तर?"

"इतकं कसं विचारणार नाहीत गं?"

मला हे लक्षण बरं दिसेना. ज्या खात्यात जन्मभर कुणी काही भरलं नाही, त्याच खात्यावर काकू एवढा मोठा चेक फाडायला निघाल्या होत्या.

रविवारी गच्चीत पत्र्याखाली खुर्च्या मांडल्या. बिल्डरचा माणूस, ऋतुराज, लॅपटॉप उघडून बसला होता. "तांबे? जोडून की वेगळं?"

काकू उभ्या राहिल्या. "वेगळं. एक यांना, एक मला."

पहिल्या मजल्यावरच्या विमलाबाई खिदळल्या. "हे काय, काडीमोड की काय?"

सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. त्या काकांकडे बघत होत्या, परीक्षेचा निकाल लागताना पोरं बघतात तशा. काकांचे कान लाल झालेले मला दिसले. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.

मी त्यांच्याकडे वाकून पुटपुटले, "काका, का म्हणून विचारा तरी."

"असं सगळ्यांसमोर? नको. तिने विचार करूनच ठरवलं असेल." मग ते ऋतुराजला म्हणाले, "शेजारी-शेजारी मिळतील?"

"सॉरी काका. छोटे फ्लॅट वेगळ्या विंगमध्ये आहेत. एक ए मध्ये, एक सी मध्ये."

"बरं." काका लॅपटॉपकडे वाकले. "मग जास्त उजेडाचा असेल तो हिला द्या. लिफ्टजवळचा बघा, हिचे गुडघे दुखतात."

"नवरा असावा तर असा," विमलाबाई म्हणाल्या, आणि दोन-चार माना हलल्या.

"काकू, फायनल ना?" ऋतुराजने विचारलं.

काकूंनी पुन्हा एकदा काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली, घाबरू नकोस, सांग, अशी. त्यांना वाटलं ती धीर मागते आहे.

"फायनल," काकू म्हणाल्या आणि खाली बसल्या.

संध्याकाळी सह्या घ्यायला मी त्यांच्याकडे गेले. काका बाहेरच्या खोलीत एकटेच होते. दिवा लावलेला नव्हता.

"लग्न झाल्यापासून मी तिला कधी कशाला नाही म्हटलं नाही," ते मला हळूच म्हणाले. "तरी तिला वेगळं राहावंसं वाटलं. कुठे चुकलं, काही कळत नाही."

"काकूंनाच विचारा ना, काका. आत्ता विचारा. आत तर आहेत."

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे भांड्यांचा आवाज थांबला होता. काकू ऐकत होत्या, हे मला समजलं. काका उठले, दारापर्यंत गेले, चौकटीला हात टेकून उभे राहिले. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

"अगं," ते म्हणाले.

"काय?"

काकांची नजर ओट्याखालच्या सिलिंडरवर गेली.

"गॅसचं कनेक्शन कुणाच्या नावावर ठेवायचं?"

"तुमच्याच," काकू म्हणाल्या.

"मग तुला नवं लागेल. उद्या चौकशी करतो."

मी सह्या घेतल्या. काकूंची सही सरळ आली, अक्षर कुठे हललं नाही. आणि सोमवारी सकाळी मी दूध आणायला निघाले, तेव्हा गॅस एजन्सीचं शटर अजून बंद होतं. काका हातात पिशवी घेऊन समोर उभे होते. नंबर पहिला त्यांचाच होता.