फुलाबाईच्या तिरक्या कॉलरी

मित्रांनो, मी एक जुनं शिलाई मशीन आहे. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात, खिडकीजवळ माझी जागा. अकरा वर्षं मला वैजयंतीनं चालवलं. सकाळी आधी मला तेल, मग तिचा चहा. माझा टाका बघून मालक मान डोलवायचे आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

शेजारच्या मशीनवर मंद्रूपहून येणारी फुलाबाई, वयानं वडील. वैजयंतीला सरळ शिवण तिनंच शिकवली. दुपारी साऱ्याजणी वऱ्हांड्यात गोल करून जेवायच्या. शेंगाचटणी फुलाबाईची, हे ठरलेलं.

दिवाळीनंतर वैजयंती सुपरवायझर झाली. आता शिवण तपासून वाकडा माल परत करणं तिचं काम. पहिल्याच आठवड्यात फुलाबाईच्या कॉलरी तिरक्या निघाल्या. जिनं शिकवलं तिलाच चूक कशी दाखवायची? वैजयंतीची जीभ रेटेना. मग तिनं भलताच मार्ग काढला. सगळ्या जेवायला गेल्या की ती माझ्यावर बसून त्या कॉलरी उसवायची आणि पुन्हा शिवायची. तिकडे वऱ्हांड्यात कुजबुज, ‘साहेबीण झाली, आता आपल्यात कशाला जेवंल?’ उपाशी राबूनही नाव वाईटच. माझा जीव तुटायचा, पण मशीनचं ऐकतो कोण?

महिन्याभरानं एका दुपारी विसरलेली पाण्याची बाटली न्यायला फुलाबाई परत आली. आपलीच कॉलर वैजयंतीच्या हातात उसवलेली तिनं पाहिली.

“वैजू, माजी चूक मलाच सांगायला जड गेलं व्हय?”

“अक्का, तुमाला वाईट वाटंल म्हणून...”

“आता लई बरं वाटलं की.”

दोन दिवस ती बोलली नाही. शेंगाचटणीही आणली नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा सहा कॉलरी तिरक्या आल्या. वैजयंतीनं त्या उचलल्या आणि सगळ्यांदेखत फुलाबाईपुढे ठेवल्या.

“अक्का, ह्या परत शिवाव्या लागतील.”

आजूबाजूची मशीनं थांबली. फुलाबाईनं एक कॉलर डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली. शेवटी तिनं दोऱ्याचं टोक वैजयंतीपुढे केलं.

“आदी सुई ओवून दे. महिनाभर अंदाजानं ओवतीया. मला भोक दिसत न्हाय.”

मित्रांनो, मला वेळेवर तेल घाला, हे मागणं तर आहेच. पण आपल्या माणसाची चूक चोरून झाकू नका, जवळ बसून विचारा. महिनाभर एक बाई नीट दिसत नसताना शिवत होती, दुसरी तिच्यासाठी उपाशी राहत होती, आणि दोघींच्या मशीनमध्ये हातभरही अंतर नव्हतं.