भिंतीवरचा रस्ता

भोईवाड्यातल्या त्या चाळीत कमलाबाईंच्या शब्दाला वजन होतं, आणि ते वजन स्वतः कमलाबाईंना जरा जास्तच जाणवायचं. मोर्च्यात पुढे कोण? कमलाबाई. नळावरचं भांडण तोडायला कोण? कमलाबाईच. संयुक्त महाराष्ट्रासाठी त्या एकदा लाठी खाऊन आल्या होत्या आणि दंडावरचा वळ दाखवायला त्यांना कुणाच्या आग्रहाची गरज लागत नसे. बाई खोटी नव्हती. फक्त आपण चुकू शकतो ही गोष्ट तिने कधी मनावर घेतली नव्हती.

त्या वर्षी शाळा चालू कमी आणि बंद जास्त. आज सभा, उद्या हरताळ. पोरं जिन्यांवर हुंदडून हुंदडून कंटाळली आणि त्यांच्या आया त्याहून जास्त. तेव्हा दादरहून येणाऱ्या सुनेत्राबाई नावाच्या शिक्षिकेने चाळीच्या गच्चीवर वर्ग काढला. पुस्तक नाही, पाटी नाही. "जुन्या माणसांनी काय काय शोध लावले ते वाचून काय करणार? आपण हाताने परत लावू," असं त्यांचं म्हणणं. पोरांनी करवंटीला बारीक भोक पाडून हळूहळू पाण्यात बुडणारं घटिकापात्र केलं. काठी उभी करून सावलीचं घड्याळ आखलं. डबड्यांना दोरा बांधून टेलिफोन केला आणि त्यातून एकमेकांना शिव्या घातल्या. मग बाईंनी अंधाऱ्या खोलीची गोष्ट सांगितली. शेकडो वर्षांपूर्वी एका अरबी पंडिताने अंधारात बसून पाहिलं होतं, की खिडकी गच्च बंद केली आणि एकच भोक ठेवलं, तर बाहेरचं सगळं समोरच्या भिंतीवर उमटतं.

"मात्र उलटं उमटतं हं," बाई म्हणाल्या.

हे काम राधा आणि लक्ष्मीने अंगावर घेतलं. राधा कमलाबाईंची मुलगी. त्यांची खोली पहिल्या मजल्यावर, खिडकी थेट रस्त्यावर, भिंतीला नवा चुना. लक्ष्मी मागच्या इमारतीतली, तिथली वाट नाक्याकडून. तिचे वडील शिवा आणि राधाचे वडील दत्ताराम एकाच गिरणीत, एकाच खात्यात. लक्ष्मीच्या घरच्यांनी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. कमलाबाईंची कशालाच हरकत नव्हती. पण हरकत नसणं वेगळं आणि "आत ये गो" म्हणणं वेगळं. पुठ्ठा लक्ष्मीने आणला, काजळीने काळा केला, त्याला वाटाण्याएवढं भोकही तिनेच कोरलं. खिडकीत तो बसवला मात्र राधाने. दारावर उजेड अडवायला गोधडी टांगली होती. ती उंबऱ्याशी उभं राहून नीट धरायचं काम न सांगता लक्ष्मीकडे आलं.

पण चित्र काय उमटलं! वर छताला लागून रस्ता, आणि रस्त्यावर पाय वर, डोकं खाली अशी चालणारी माणसं. रंगासकट. तीन दिवस सगळी चाळ येऊन बघून गेली. पोरं ओणवी होऊन पायांमधून बघायची, म्हणजे माणसं सुलटी दिसायची. कमलाबाई शेजारणींना अशा थाटात दाखवायच्या, जणू तो पंडित त्यांच्याच माहेरचा.

चौथ्या दिवशी संयुक्त महाराष्ट्र समितीचा बंद होता. दत्ताराम पहाटेच गिरणीच्या फाटकावर गेला होता. कुणी चोरून कामावर शिरू नये म्हणून तिथे माणसं उभी राहणार होती. बायकांना स्वयंपाक उरकल्यावर दुसरं काम नव्हतं, त्यामुळे दहाच्या सुमाराला कमलाबाईंची खोली भरून गेली. रस्ता ओस होता, म्हणून एकेक माणूस नजरेत भरत होता. एक हवालदार डोक्यावर चालत गेला तेव्हा सगळ्या पोट धरून हसल्या.

मग एक उंच माणूस आला. त्याचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली होता. राधाने लगेच ओळखलं.

"शिवाकाका!" ती आनंदाने म्हणाली. भिंतीवर ओळखीचं माणूस सापडलं याचाच तो आनंद होता.

त्या खोलीत देव्हारा गिरणीच्या अंगाला होता आणि मोरी नाक्याच्या अंगाला. शिवा भिंतीवर मोरीकडून निघून देव्हाऱ्याकडे चालला होता. खोलीतलं हसू थांबलं.

"फाटकाकडे चाललाय," शेजारची रखमा म्हणाली.

"बंदाच्या दिवशी?" कमलाबाई पुढे सरकल्या. "आणि बघ कसा एकटा, मान खाली घालून."

उलट्या माणसाची मान खाली आहे की वर हे त्यांना कसं कळलं, कोण जाणे.

दाराशी गोधडी धरून उभी असलेली लक्ष्मी म्हणाली, "आबा सकाळधरनं फाटकावरच हायेत. परत येत असतील."

"अगो, आमचे डोळे काय फुटलेत?" कमलाबाई म्हणाल्या. "सगळ्या बघतोय ना आम्ही. हजेरी लावायला चाललाय तो."

पुठ्ठा काढून एकदा बाहेर डोकवायला कितीसा वेळ लागला असता? पण चित्र जाईल म्हणून कुणी तो काढला नाही. आणि खरं सांगायचं तर रखमाच्या नवऱ्यावर असा वहीम आला असता, तर कमलाबाईंनी आधी खाली माणूस धाडला असता. शिवाच्या बाबतीत तसं त्यांच्या मनातही आलं नाही. "मी म्हणतच होते," असं त्या म्हणाल्या. खरं तर याआधी त्या कधीच काही म्हणाल्या नव्हत्या.

राधाने लक्ष्मीचं बोलणं ऐकलं होतं. लक्ष्मी खोटं बोलत नाही हे तिला माहीत होतं, आणि भिंत खोटं दाखवत नाही असंही तिला वाटत होतं. दोन्ही एकदम खरं कसं असेल, हे तिला सुचेना. लक्ष्मीने गोधडी सोडली आणि ती निघून गेली.

गिरणगावात संप मोडणाऱ्याला बायका बांगड्या नेऊन देत. तुला मर्दासारखं उभं राहता येत नाही तर ह्या भर, असा त्याचा अर्थ. ताटात बांगड्या आलेला माणूस पुढे कितीही वर्षं त्या गल्लीत राहिला तरी त्याच्या पाठीमागे तेवढंच बोललं जाई. कमलाबाईंनी सणासाठी आणलेल्या हिरव्या बांगड्या ताटात मांडल्या आणि पंधरावीस बायका मागच्या इमारतीत गेल्या. राधालाही बरोबर नेलं, कारण ओळखलं तिने होतं.

शिवाची बायको शेवंती दारात आली. ताट बघून तिचा चेहरा उतरला. "हे कुणाला?"

"तुझ्या नवऱ्याला," कमलाबाई म्हणाल्या. "आमचे नवरे फाटकावर उभे आणि तुझा हजेरी लावून आला. आता झोपलाय वाटतं आरामात?"

शिवा घोंगडी गुंडाळून बाहेर आला. डोळे लाल झाले होते. त्याने ताटाकडे पाहिलं, मग बायकांकडे.

"मी फाटकावरनंच आलो, वैनी."

"आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय. विचार हिला." कमलाबाईंनी ताट उंबऱ्याशी ठेवून राधाला पुढे केलं.

राधाने खाली बघितलं. आजूबाजूच्या दारांतून माणसं बघत होती. शिवाने वाकून ताट उचललं आणि घरात नेलं, कारण ते दाराबाहेर राहिलं असतं तर आणखी चार जणांनी पाहिलं असतं.

दुपारी दत्ताराम जेवायला आला. ताटावर बसता बसता म्हणाला, "शिवाकडे जरा भाकरी-कालवण पाठव. अंगात ताप घेऊन पहाटेपासून उभा होता बिचारा. पोलिसांनी मला ओढला, तेव्हा मधे तोच पडला. दहा वाजता मीच हाकलला त्याला घरी."

कमलाबाईंच्या हातातला डाव भातातच राहिला. "दहा वाजता तो फाटकाकडे चालला होता. आम्ही भिंतीवर बघितलं."

"कसली भिंत घेऊन बसलीस? मी स्वतः त्याला नाक्यापर्यंत जाताना बघितला." मग बायकोच्या तोंडाकडे बघून त्याने विचारलं, "काय केलंस तू?"

बांगड्यांचं कळल्यावर तो जेवला नाही. चपला घालून परत फाटकाकडे निघाला.

राधाने दार लावलं, गोधडी ओढली आणि अंधारात भिंतीसमोर उभी राहिली. बाप छताजवळ आला, पाय वर, डोकं खाली. चालला होता फाटकाकडे, पण भिंतीवर मात्र तो मोरीकडे जात होता. राधाने पुठ्ठा काढून बाहेर पाहिलं. तो फाटकाकडेच जात होता. पुठ्ठा परत लावला. मोरीकडे.

चित्र नुसतं वरचं खाली होत नव्हतं. भोकातून येताना या अंगाचं त्या अंगालाही जात होतं. उलटं म्हणजे सगळंच उलटं. बाईंनी सांगितलं होतं, पण सगळ्यांनी डोकं-पाय तेवढे धरले आणि बाकीचं सोडून दिलं.

"आई," ती म्हणाली, "फाटकाकडून येणारा माणूस भिंतीवर फाटकाकडे जाताना दिसतो."

कमलाबाईंनी तिच्याकडून ते दोनदा करून घेतलं. मग त्या खाटेवर बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःचं तोंड कुठे लपवावं ते कळेना. चूक झाली एवढंच असतं तर त्यांनी ती मोठ्या आवाजात कबूल केली असती, त्याचीही चार जणींनी वाहवा केली असती. पण पोर दाराशी उभी राहून खरं सांगत होती आणि आपण तिच्याकडे मान वळवूनही बघितलं नाही, हे त्यांना आता आठवत होतं. का बघितलं नाही तेही त्यांना ठाऊक होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळ व्हायच्या आत त्या राधाला घेऊन मागच्या इमारतीत गेल्या. या वेळी हातात ताट नव्हतं आणि मागे बायका नव्हत्या. रखमाला बोलावलं होतं, पण तिला नेमकं दळण आठवलं.

"शिवाभाऊ, चुकलं माझं," कमलाबाई दारातूनच म्हणाल्या. त्याला भाऊ म्हणायचीही ही पहिलीच वेळ होती.

शेवंतीने भिंतीकडे तोंड फिरवलं. लक्ष्मी राधाकडे बघेना.

"ते चित्र माझ्या लेकीनं केलंय म्हणत्यात," शिवा म्हणाला. "सगळ्या चाळीनं बघितलं. मला बी दाखवा. मी कसा दिसत होतो ते बघू तरी."

नाही म्हणायला तोंड कुठे होतं? शिवा घोंगडी पांघरून आला, मागे लक्ष्मी आली. कमलाबाईंनी खुर्ची पुढे केली, पण तो जमिनीवर टेकला. गोधडी ओढली. छताजवळ रस्ता उमटला, पण बंदाचा रस्ता. त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"कुणीतरी चालायला पायजे," शिवा म्हणाला.

राधा उठली. "तू बस," कमलाबाई म्हणाल्या. "मी जाते."

त्या खाली उतरल्या. बांगड्यांची गोष्ट एव्हाना सगळीकडे झाली होती आणि खोटी निघाल्याची त्याहून जास्त. खिडक्याखिडक्यांत डोकी होती. भिंतीवर कमलाबाई देव्हाऱ्याच्या अंगाने आल्या, छताला पाय लावून, पदर घट्ट ओढून, आणि मोरीकडे चालू लागल्या. त्यांना एवढं सावकाश चालताना राधाने कधी पाहिलं नव्हतं. खोलीत कुणी हसलं नाही. मोरीपाशी चित्र संपत होतं, तिथे त्या नाहीशा झाल्या.

"आता परत येईल," राधा म्हणाली. "परत येताना जशी दिसेल ना, तसे तुम्ही दिसत होतात."

तिघंही बघत राहिली. रस्ता रिकामाच राहिला. शेवटी राधा उठून खाली धावली.

आई फाटकाच्या अलीकडे, गोदामाच्या भिंतीकडे तोंड करून उभी होती. पदर तोंडात धरला होता.

"आई, चल ना. शिवाकाका वाट बघतायत."

"बसलाय अजून?"

"हो."

"तो गेला की येते," कमलाबाई म्हणाल्या. "आत्ता त्याच्यासमोर नाही गो येववत."

राधा एकटीच परत आली. शिवाने विचारल्यावर आई काय म्हणाली ते तिने सांगितलं.

शिवा भिंतीला धरून उठला. घोंगडी नीट केली.

"चल लक्षुमे," तो म्हणाला. "मागल्या जिन्यानं जाऊ. त्यांना त्यांच्या घरात येऊ दे."