उलटी धुतलेली भिंत

तोर्गेरने शिडीवरूनच ब्रश बादलीत बुचकळला आणि छपराखालच्या फळ्यांवर साबणाचं कडक पाणी सपासप मारलं. रविवारी बोर्गहिल यायची होती. घराला कोणता रंग द्यायचा ते ती ठरवणार होती, आणि लग्न करून इथे राहायला यायचं की नाही, हेही त्याच दिवशी सांगणार होती. त्रेसष्टाव्या वर्षी तोर्गेरच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"दादा, जरा खाली बघ," शिडी धरून उभी असलेली त्याची बहीण ओडनी म्हणाली.

त्याने पाहिलं आणि चेहराच पडला. पाणी कोरड्या लाकडावरून ओघळत पार जोत्यापर्यंत गेलं होतं आणि भिंतभर पांढरट रेघा उठल्या होत्या. भिंत खालून वर भिजवत न्यायची, म्हणजे ओघळांचे डाग पडत नाहीत, हे फ्योर्डच्या खाडीकाठच्या सगळ्या गावाला शिकवणारा माणूस हाच. गेल्या उन्हाळ्यात बोर्गहिलचं कोठार धुताना त्याने तिलाही चारचौघांत सुनावलं होतं. आणि आता हा पराक्रम नेमका रस्त्याकडच्या भिंतीवर.

"उन्हाळ्यातल्या सांक्तहान्सच्या होळीला गावाला बोलायला विषय झाला," ओडनी म्हणाली.

"दात काढू नकोस. रविवारच्या आत घासून काढतो."

"कशाला? ओघळ बघितलेत मी," मागून आवाज आला.

फाटकाशी सायकल टेकवून बोर्गहिल उभी होती, दोन दिवस आधीच. तोर्गेर शिडी उतरला. बोर्गहिलने जवळ येऊन एका ओघळावरून बोट फिरवलं.

"हे कुणी केलं?"

ओडनीने दोष खुशाल अंगावर घेतला असता. तिने तोंड उघडलंही होतं.

"मी," तोर्गेर म्हणाला. "तुम्ही येणार म्हणून घाई झाली. काही सुचत नाहीये दोन दिवस."

बोर्गहिलने बोटाला लागलेला साबण पुसला.

"मी आज नाही म्हणायला आले होते," ती म्हणाली. "तुमच्या घरात कप जरा वाकडा ठेवला तरी ऐकून घ्यावं लागेल, असं वाटायचं. आयुष्यभर भीत कोण राहणार?"

तोर्गेरच्या हातातला ब्रश त्याच्या बुटावर ठिबकत होता. त्याचा त्याला पत्ता नव्हता.

बोर्गहिलने बाह्या सारल्या, ब्रश त्याच्याकडून काढून घेतला आणि वाकून सगळ्यात खालची फळी भिजवायला लागली.

"मग आता काय म्हणता?" त्याने विचारलं.

"मला सकाळचं ऊन येणारी खोली लागते," ती मान वर न करता म्हणाली.