चार प्लेटा आणि दोनशे अंडी

बाहेर ऊन असं पेटलं होतं की अंगणात अनवाणी पाय ठरत नव्हता, आणि आत जाड मातीच्या भिंतींच्या गारव्यात पेटीचा काटा मात्र खालीच सरकत होता. साडेसदतीस अंश हवा, तो पस्तीसवर आला तशी सून मीटरकडे धावली. अंडी उबवायच्या त्या पेटीत दोनशे अंडी होती, गावातल्या बायकांनी विश्वासाने आणून दिलेली. आज अठरावा दिवस. अजून तीन दिवस ऊब टिकली तर पिल्लं, नाहीतर सगळी उकिरड्यावर.

रानातल्या या घरापर्यंत विजेची तार कधी आलीच नाही. सगळा कारभार छपरावरच्या चार सोलर प्लेटांवर. सासऱ्याने बारा वर्षांपूर्वी स्वतः खपून त्या बसवल्या होत्या. नवरा ट्रक घेऊन आठवडाभर लांब गेलेला. घरात ही दोघंच.

"मामंजी, भर दुपारी प्लेटांचा मीटर सहावर आहे. आधी वीस दाखवायचा."

"काचेचंही आयुष्य असतं, पोरी. झिजल्या आता."

"बॅटरी बदलायला आलेला मिस्त्री म्हणाला होता, पंचवीस वर्षं मरण नाही. वर्षाला थोडं घटतं, पण असा कडेलोट होत नाही."

"मिस्त्रीला बोलायला काय जातंय?"

"मग मी वर चढून बघते."

"चढायचं नाही!" सासरा एवढ्याने ओरडला की ओसरीवरच्या कोंबड्या फडफडत पांगल्या. "दर महिन्याला पुसतो मी. तिथे बघण्यासारखं काही नाही."

चुलीवरचं कढत पाणी सुनेने बाटल्यांत भरलं, बाटल्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवल्या आणि सरळ शिडीला हात घातला. सासऱ्याने दुसऱ्या बाजूने शिडी घट्ट धरली.

"हात काढा, मामंजी. दोनशे जीव आहेत आत."

त्याने हात काढला. तिच्याकडे न बघताच.

वर गेल्यावर तिला सगळं कळलं. प्लेटांवर नुसती धूळ नव्हती, थरच्या थर होते. पाखरांच्या विष्ठेची पुटं चढून सिमेंटसारखी कडक झालेली. महिन्या-दोन महिन्यांचा हा मळ नव्हे. वर्षानुवर्षं इथे कुणी फिरकलंच नव्हतं. तिने दोरीला बांधून पाण्याची बादली वर ओढली आणि उचलली, तोच खालून आवाज आला, "थांब! काच तापलीय. गार पाणी पडलं तर तडकेल. आधी गोणपाट टाक, निवू दे. मग कोमट पाण्याने पूस."

त्याने दोरीला बांधलेलं गोणपाट वर ओढून घेत तिने तसंच केलं. गुडघे भाजत होते, घाम डोळ्यांत उतरत होता, आणि खालून सासरा दर थोड्या वेळाने पेटीचा आकडा सांगत होता, "चौतीस!... अजून चौतीसच!"

प्लेटा लख्ख झाल्या. मीटर दहावर आला आणि तिथेच अडला.

"आता एकेक प्लेट झाक," सासरा म्हणाला. "जी झाकल्यावर आकडा पडणार नाही, ती मेलेली."

तिने पहिलीवर गोणपाट टाकलं. "पाच!" ते काढून दुसरीवर टाकलं. "पाच!" तिसरीवर टाकलं. "दहा," तो हळूच म्हणाला. चौथीलाही दहाच.

"दोन्ही एकदम कशा मरतील?" सून स्वतःशीच पुटपुटली. दोन्ही झाकून ठेवून तिने तारेचा माग काढला. जिथे दोघींच्या तारा एकत्र होत होत्या, तिथला जोड हिरवा पडून जळाला होता. सासऱ्याने पक्कड दोरीला बांधून वर पाठवली. जळकं टोक कापायचं, तार सोलायची, पीळ घट्ट द्यायचा, वर चिकटपट्टी, असं एकेक तो सांगत गेला. तिने गोणपाट ओढून काढलं.

"एकोणीस!" सासरा खालून ओरडला. "बारा वर्षांत एकच घटला!"

ती उतरली तेव्हा तो पायरीवर बसला होता.

"पाच वर्षं झाली," तो म्हणाला. "गुडघा वळत नाही. शिडीच्या दुसऱ्या पायरीवरून परत यायचो."

"मला सांगायचं होतं."

"सांगणार होतो. रोज सांगणार होतो."

तिन्हीसांजेला काटा सदतीसवर चढला. तिसऱ्या दिवशी कवचं फुटू लागली. एकशे बेचाळीस पिल्लं निघाली. उरलेली अंडी फुटलीच नाहीत.

बायका आपापली पिल्लं घ्यायला आल्या. कुंभारीण टोपलीत डोकावली आणि तिचा चेहरा उतरला. "माझी वीस होती. ही तर नऊच."

"काकू, झालं असं की जोड..." सून बोलू लागली. सासऱ्याने तिला हातानेच थांबवलं.

"जोडाचं कारण नंतरचं. मला वर चढवत नव्हतं, ते मी घरात लपवलं. तुझी अंडी माझ्यामुळे गेली."

कुंभारीण त्याच्याकडे बघत राहिली. शिवी ओठांवर आली असावी, ती तिने गिळली. टोपली काखेला लावत म्हणाली, "पुढल्या खेपेला अंडी आणू की नको, तेवढं सांगा."

"मला नको विचारू," सासरा म्हणाला. "तिला विचार. छप्पर आता तिच्याकडे आहे."